चार बोटं वाकडी भिंत

"…मग वाकडी भिंत तशीच ठेवायची का, बुवा?"

भुजंगाने हे तिसऱ्यांदा विचारलं.

रेवणबुवा मठाच्या ओसरीवर आपली फाटकी कफनी शिवत बसले होते. टेकडीवरचा लहानसा मठ. बुवा आणि दोन गाई, एवढाच पसारा. भुजंग सतराव्या वर्षी इथं आला आणि नऊ वर्षं राहिला. गेल्या दिवाळीनंतर बुवांनीच त्याला खालच्या गावात धाडलं होतं. गावकरी श्रमदानाने ओढ्यावर दगडी बंधारा घालणार होते. पुढे होऊन माणसं सांभाळील असा कुणीतरी त्यांना हवा होता.

पहिल्या दिवशी चाळीस माणसं आली होती. काल अकरा. आणि मृग दोन महिन्यांवर आलेला. अर्धवट बंधारा पहिल्याच लोंढ्यात वाहून जाणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

"बंधाऱ्याची भिंत किती वाकडी होती?" बुवांनी विचारलं.

"चार बोटं. दोरी लावून बघितली मी."

"रचली कुणी?"

"सिद्राम गवंड्याने. सत्तरी उलटलीय, नजर गेलीय, तरी ऐकत नाही."

"मग?"

"मग काय, पाडली."

"तू?"

"मीच. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं, तर त्यानं पहारीला हात लावला नसता."

"सिद्राम कुठं होता?"

"तिथंच."

"काय म्हणाला?"

"काही नाही. हातोडा धुतला, पिशवीत घातला आणि घरी गेला…"

दुसऱ्या दिवशी सिद्रामच्या आळीतलं कुणीच कामावर आलं नाही. मग शेजारच्या आळीतलेही गळाले.

"मी सगळ्यांच्या आधी जातो, बुवा. सगळ्यांच्या मागून निघतो. सगळ्यांत जड दगड मी उचलतो. माणसानं आणखी करायचं तरी काय?"

बुवांनी एक टाका घातला. हात थरथरत होता, टाका तिरका पडला. दुसरा तर कापडाच्या कडेवरून निसटलाच.

भुजंग बघत होता. तिसरा टाका पडायच्या आत तो पुढे सरकला.

"द्या इकडं."

बुवांनी कफनी दिली.

भुजंगाने वाकडे टाके उसवले आणि भराभर शिवत गेला. शिवण तो याच ओसरीवर शिकला होता. दोरा दाताने तोडून त्याने कफनी पुढे केली.

"बघा, कशी सरळ आली."

बुवांनी शिवणीवरून बोट फिरवलं.

"छान आली रे," ते अगदी मनापासून म्हणाले.

मग ते आपल्या दोन्ही तळहातांकडे बघत बसले.

"बुवा?"

"आज एवढंच काम होतं मला," बुवा म्हणाले. "आता मी काय करू?"

भुजंगाची मान खाली गेली.

त्याने सुईच्या टोकाने स्वतःचेच टाके एकेक करून उसवले, सुई पुन्हा ओवली आणि कफनी बुवांच्या मांडीवर ठेवली.

बुवांनी नव्याने सुरुवात केली. पहिलाच टाका तिरका.

भुजंगाचा हात आपसूक पुढे आला.

"मांडीखाली घे," बुवा मान वर न करता म्हणाले.

भुजंगाने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"बघवत नाही ना?"

"नाही."

"मलाही बघवत नव्हतं." बुवा हसले. "नऊ वर्षं."

भुजंगालाही हसू आलं, आणि हसताहसता डोळे भरून आले.

थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "बुवा, कापड गुडघ्यावर ताणून धरा. म्हणजे सुई भरकटायची नाही."

बुवांनी तसं धरलं. पुढचा टाका बरा पडला. त्यापुढचा आणखी बरा. शिवण काही देखणी झाली नाही, पण पक्की झाली.

"सिद्रामभाऊ आता यायचे नाहीत," भुजंग म्हणाला. "घरी जाऊन माफी मागू त्यांची?"

"घरी कोण असतं?"

"ते आणि त्यांची बायको."

"आणि भिंत पाडलीस तेव्हा कोण कोण होतं?"

"सगळे," भुजंग म्हणाला. तो पाया पडला आणि टेकडी उतरू लागला.

परत आला तो दीड महिन्याने. तळहातांना घट्टे पडले होते. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं.

"पारावर सगळे बसलेले असताना उभा राहिलो," त्याने सांगितलं. "म्हटलं, भिंत वाकडी होती, पण पाडायची रीत माझी चुकली. सिद्रामभाऊ उठून निघून गेले."

"बरं."

"चार दिवस तसेच गेले. पाचव्या दिवशी ओढ्यावर आले. दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. म्हणाले, 'धर. मला दिसत नाही. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, पण तू विचारलंस कुठं?'"

बुवांनी मान हलवली.

"मग मी दोरी धरायचो, दगड ते बसवायचे. माणसं हळूहळू परत आली, बुवा. बंधारा परवा पुरा झाला."

"ओळीत आहे?"

"आहे." भुजंग जरा घुटमळला. "पाण्यात उतरायची एक पायरी सोडून. ती दोन बोटं बाहेर आलीय. त्यानं पाण्याचं काही अडत नाही, पण डोळ्यांना खुपते."

"ती कुणी रचली?"

"मी… सिद्रामभाऊंनी शिकवलं. म्हणाले, नुसती दोरी धरून दगड कळत नाही."

"त्याला ठाऊक आहे, ती वाकडी आहे ते?"

"सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"तरी त्यानं पाडली नाही?"

"नाही."

"का बरं?"

"विचारलं नाही मी."

बुवा उठले. आतून दूध-भाकरी आणून त्यांनी त्याच्यापुढे ठेवली, आणि त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवला.

"पोटभर जेव," ते म्हणाले. "आणि सिद्रामला विचारून ये."