गोधडीचा दोरा

"भरवशाचा दोर कोणता, गोमाजीबाबा? तेवढं एकदा सांगून टाका."

उपेंद्र चौबळांनी हे उभ्यानेच विचारलं. खांद्यावरचा रॉड उतरवला नव्हता, पाठीवरची सॅक टेकवली नव्हती.

गोमाजी पाटील पडवीत बसून टोपलीतल्या जिवंत कोळंब्या निवडत होता. वय अठ्ठ्याहत्तर. पेणच्या खारपट्टीतल्या त्या गावची उघाडी त्याने चाळीस वर्षं सांभाळली होती. उघाडी म्हणजे खारबांधातली लाकडी दारं. भरतीला ती मिटतात, ओहोटीला उघडतात, त्यामुळे शेतात खारं पाणी शिरत नाही. पाणी सुटलं की त्या दारांपाशी जिताडा मासा येतो. आणि जिताडा कधी येतो हे ज्याला कळतं, त्याच्याकडे माणसं येतात.

"बसा सायेब," गोमाजी म्हणाला. "पानी घ्या."

पाणी आलं. चौबळ ते घटाघटा प्यायले. याही वेळी नुसतं पाणीच आलं, हे त्यांच्या लक्षात आलं.

त्या गावात दुपार धरून आलेल्या पाहुण्याला न जेवता धाडत नाहीत. टपालवाला जेवून जातो, वाट चुकलेला जेवून जातो. चौबळांना मात्र आधी दोनदा पाण्यावर धाडलं होतं. सीकेप्याला जिताड्याच्या गावातून उपाशी जावं लागणं, याहून मोठा अपमान त्यांना ठाऊक नव्हता. पण विचारायचं कसं?

चौबळांना मतं होती. काठी कुठून लवावी यावर मत, रीळ कोणत्या हाताला असावं यावर मत, आणि नकली मासा पाण्यात कसा लंगडत चालवावा यावर तर दोन तासांचं मत. ठाण्याला त्यांच्या घरी दर रविवारी पंधरा-वीस गळवाले जमायचे, चहा प्यायचे आणि मतं घेऊन जायचे. त्यांतले काही जण पुढे मासेही धरायचे. पण ते आपापल्या नशिबाने.

सगळ्यांत ठाम मत दोराबद्दल. नायलॉनचा साधा तंगूस ऐनवेळी ताणतो आणि दगा देतो. दोर हवा विणलेला, आठ पदरी, पोपटी रंगाचा. "दोर तुटला की गळवाल्याची लायकी कळली," हे त्यांचं वाक्य रविवारची मंडळी पाठ म्हणायची.

आणि या वाक्यामागोमाग त्या माशाची गोष्ट यायचीच.

दोन वर्षांपूर्वी, ज्येष्ठ महिन्यात, याच उघाडीवर चौबळांच्या गळाला जिताडा लागला होता. जन्मात पाहिला नाही एवढा. अर्धा तास तो त्यांच्याशी झुंजला. मग असा उधळला की रिळावरचा दीडशे मीटर दोर सरसर निघून गेला, आणि शेवटी रिळाच्या पोटाशी मारलेली गाठच निसटली. मासा सगळ्या दोरासकट खाडीत गेला.

"दोर नाही तुटला," चौबळ सांगायचे. "गाठ दुकानदाराची होती."

हे सांगताना त्यांचा आवाज जरा चढायचा. दोन वर्षं झाली तरी तो मासा डोक्यातून जात नव्हता. ताटात सुरमई वाढली तरी हा माणूस जिताड्याचं बोलायचा, आणि बायको आमटीची वाटी पुढे सरकवून गप्प बसायची. तो मासा त्यांना हवा होता. दुसरा नको, तोच. तो हाती लागला की आपण बरोबर होतो हे सिद्ध होईल, मग पुढे एकही मासा नाही मिळाला तरी चालेल, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

गोमाजीची काठी पडवीच्या खांबाला टेकून उभी होती. वाळलेला बांबू, त्याला तंगूस. पण गळाजवळचं शेवटचं हातभर अंतर तंगूस नव्हता. तिथे पांढरा सुती दोरा बांधलेला होता.

चौबळांनी वाकून पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. दारात गोमाजीची बायको नागूबाय गोधडी शिवत बसली होती. दोरा तोच.

"बाबा, हा… गोधडीचा दोरा?"

"व्हय."

"याने जिताडा धरता?"

"धरतू."

"तुटत नाही?"

"तुटतो की."

चौबळांना हसू आवरलं नाही. ज्याला गुरू करायला तीनदा खाडी ओलांडून आलो, तो माणूस गोधडीच्या दोऱ्याने मासे धरतो! रविवारच्या मंडळींना सांगितलं तर चहा नाकातून येईल.

"रागावू नका बाबा, पण हे म्हणजे सुतळीने हत्ती बांधणं झालं."

गोमाजी रागावला नाही. त्याने एक मेलेली कोळंबी उचलून बाजूला टाकली.

"मंग भरवशाचा कनचा? तुमीच सांगा."

"माझा!" चौबळ म्हणाले. "माझा दोर तुटत नाही."

"नाय तुटत," गोमाजी म्हणाला. "मना ठाव हाय."

चौबळ सुखावले. इतक्या लवकर कबूल करेल असं वाटलं नव्हतं.

गोमाजी गुडघ्यांवर हात ठेवून उठला. आत गेला. माळ्यावर काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात पत्र्याचा डबा होता. डब्याचं झाकण गंजलं होतं. ते त्याने उलथण्याने उचकटलं आणि डबा चौबळांपुढे ठेवला.

आत नारळाची करवंटी होती. करवंटीवर दोर गुंडाळलेला, एकावर एक, नीट. विणलेला, आठ पदरी, पोपटी.

चौबळांनी झडप घातल्यासारखी करवंटी उचलली. मोकळं टोक शोधलं. टोकाला त्यांची गरी होती, म्हणजे गळाचा आकडा, आणि गरीला त्यांची गाठ. सहा वेढ्यांची, थुंकी लावून आवळलेली. ही गाठ ते दर रविवारी शिकवत.

"बघा!" ते ओरडलेच. "बघा बाबा! गाठ जशीच्या तशी! मी म्हणत नव्हतो? एवढा मोठा मासा, आणि एक पदर तुटलेला नाही! मी दोन वर्षं सगळ्यांना हेच सांगतोय!"

नागूबायची सुई थांबली.

गोमाजी पुन्हा टोपलीशी बसला.

चौबळांच्या हातात करवंटी तशीच राहिली. दोर इथे आहे, गरी इथे आहे… मग त्यांनी हळूच विचारलं, "हा कुठे मिळाला तुम्हाला?"

"दुसऱ्या दिशी, उघाडीच्या खुटाला. सात येढं पडलं व्हतं."

"नुसताच दोर?"

गोमाजीने एक कोळंबी निवडली. मग दुसरी.

"नाय," तो म्हणाला.

आता चौबळ खाली बसले. सॅक पाठीवर तशीच होती, ती भिंतीला लागली.

"जिवंत होता?"

"मी देखला तवा जिता व्हता. पान्याला वढ व्हती. दोनी हातान दोर वढला, तुटंना. दातान बगला, तुटंना. मंग घरा आलू, कोयता न्यावाला."

"आणि…"

गोमाजीचा तळहात टोपलीत उताणा झाला होता. त्यावर आडव्या दोन पांढऱ्या रेघा होत्या. दोर रुतला की अशाच रेघा पडतात. चौबळांनी त्या पाहिल्या आणि पुढचं विचारलं नाही.

"पोटान अंड्यांची गाभोली व्हती," दारातून नागूबाय म्हणाली. "आमी खाल्ली नाय. माडाच्या मुलाशी पुरली."

अंगणात कोंबडी खुडबुडत होती.

चौबळांना लाज वाटली. लाज म्हणजे चारचौघांत वाटते तशी नव्हे. तिच्यावर त्यांच्याकडे औषध होतं, ते मत देत. ही निराळी होती. दोन वर्षं ते ज्या माशाच्या मागे होते तो दुसऱ्याच दिवशी मेला होता, खुंटाला बांधलेल्या ढोरासारखा. आणि ते दर रविवारी गाठ शिकवत होते.

"बाबा, मी मागे दोनदा आलो होतो. तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तवा तुमी मासा कुटं गावंल ते इचारलंत. दोराचं आज इचारलंत."

"दुकानदाराची गाठ…" चौबळांनी सुरुवात केली आणि वाक्य तिथेच सोडून दिलं.

गोमाजीने टोपलीवर ओलं फडकं टाकलं. खाडीकडे पाहिलं. बांधापलीकडचं पाणी थबकलं होतं आणि आता सावकाश माघारी निघालं होतं.

"सुकती लागली," तो म्हणाला. त्याने खांबाची काठी उचलली, तिचा दोरा काढून टाकला, आणि काठी चौबळांच्या मांडीवर आडवी ठेवली. "बांदा."

नागूबायने गोधडीतला दोरा दातांनी तोडून पुढे केला. चौबळांनी त्याचे दोन पदर पिळले. ज्या गाठीला एरवी पाऊण मिनिट लागायचं, तिला पाच मिनिटं लागली.

"किती लांब ठेवू?"

"हातभर."

"तुम्ही नाही येत?"

"मी कशाला?"

चौबळ काठी आणि चार कोळंब्या घेऊन उठले. त्यांचा रॉड पडवीतच राहिला. तो आठवला तेव्हा ते अर्ध्या बांधावर पोचले होते, आणि मागे फिरले नाहीत.

उघाडीची दारं उघडली होती. शेतातलं पाणी गढूळ होऊन धो धो बाहेर पडत होतं. दोन्ही बाजूंना खुंट उभे होते, काळे, कालवांनी भरलेले. चौबळांनी त्या खुंटांकडे पाहायचं टाळलं. गरीला कोळंबी लावली, ओढीच्या कडेला सोडली आणि तंगुसाची वेटोळी पायाशी मोकळी ठेवली.

पहिला अर्धा तास काही नाही. चौबळ चिखलात बसले. इतका वेळ ते गप्प बसल्याचं त्यांच्या बायकोने पाहिलं असतं, तर डॉक्टरला बोलावलं असतं.

मग तंगूस सरकला.

हात जुन्या सवयीने हिसका द्यायला निघाला, आणि त्यांनी तो वरच्या वर थांबवला. हिसका दिला तर दोरा जाईल. त्यांनी नुसती काठी उचलली आणि मासा निघाला. चौबळ त्याच्यामागे निघाले. तो ओढेल तेव्हा सोडायचं, तो थांबेल तेव्हा गुंडाळायचं. चप्पल चिखलात राहिली, गुडघे भरले. एकदा मासा पाण्याबाहेर उसळला, चांदीच्या परातीएवढा चमकला, आणि चौबळ आपोआप कमरेत वाकले, काठी खाली टेकवून, दोरा सैल पडावा म्हणून. या माणसाला कोणापुढे असं वाकलेलं कोणी पाहिलं नव्हतं. त्यांचं त्यांनाही ते कळलं नाही.

पाव तास झाला. दोरा टिकून होता. मासा दमत चालला होता. आणखी थोडा धीर धरला तर… आता हा नक्की हाती लागतो, असं त्यांना वाटलं, आणि त्याच वेळी मासा वळला.

तो खुंटांकडे निघाला.

पायाशी तंगुसाची वेटोळी अजून बरीच होती. सोडता आली असती. कदाचित मासा खुंटांना वळसा घालून परत आला असता. पूर्वी अशा वेळी त्यांनी सोडलाच होता.

चौबळांनी तंगूस मुठीत धरला, टाच चिखलात रोवली आणि सगळ्या अंगाने मागे ओढलं.

टक्.

काठी हलकी झाली. पाण्यावर एक मोठं वलय उठलं आणि ओढीबरोबर खाली गेलं. माशाच्या ओठात एक गरी राहिली असेल. खाऱ्या पाण्यात ती गंजून गळून पडते. तिच्यामागे फरफटणारं काही नव्हतं.

चौबळ जरा वेळ तिथेच उभे राहिले. डोळ्यांना पाणी आलं होतं, ते त्यांनी चिखलाच्याच हाताने पुसलं.

ते परतले तेव्हा गोमाजी पडवीत तसाच बसला होता. गुडघाभर चिखल, गालावर चिखल, पायात चपला नाहीत, असा पाहुणा त्याने वर येऊ दिला.

"तुटला?"

"नाही," चौबळ म्हणाले. "मी तोडला. खुंटांकडे चालला होता."

मासा केवढा होता, ते गोमाजीने विचारलं नाही. आणि चौबळांनीही, गळ हातात धरल्यापासून पहिल्यांदाच, सांगितलं नाही.

गोमाजीने काठी आडवी घेतली. तंगुसाला लोंबत असलेलं दोऱ्याचं टोक डोळ्यांजवळ नेलं. पिंजलेला कापूस अंगठ्याने चाचपला… पुन्हा चाचपला.

आत नागूबायने तिसरं ताट मांडल्याचा आवाज झाला.

"यो दोर भरवशाचा," गोमाजी म्हणाला. "जा, हातपाय धू पोरा. जेवाला बस."