धनकाचा ढोल

दयेने केलेले कामही कुणाच्या जिवावर बेतते, हे तुम्ही कधी पाहिले आहे का?

पूर्वी पद्मसर नगरात महीसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व जवळच्या पाणथळात बारशिंग्याच्या जन्माला आले होते. भातशेती वाढावी म्हणून राजाने त्या पाणथळाचे पाणी काढायला चर खणले, आणि दरसाल एकेका भागातले पुरुषभर उंच गवत जाळायला सांगितले.

धनक नावाचा रानराखा मनाचा मऊ होता. जनावरांना निसटायला वेळ मिळावा म्हणून तो आधी ढोल बडवी. ढोल थांबला की पलीकडच्या काठावरची माणसे गवताला मशाली लावीत.

"धनकदादा, यंदाही सशांची वरात का?" पलीकडे जाता जाता ती चेष्टा करीत.

"आहे तर. आहेर काढून ठेवा," धनक म्हणे.

त्या वर्षी ढोल वाजू लागला. हरिणी पळाल्या. एक थोरला बारशिंगा मात्र धनकासमोर येऊन उभा राहिला.

"बाबा, ढोल ऐकून आम्ही मोठे पळतो," तो म्हणाला. "पण मोठा आवाज झाला की हलायचे नाही, असे पाडसांना आयांनी शिकवलेले असते. ती आतच पडून आहेत."

धनकाला मागच्या सालांची राख आठवली. "मग मी थांबतो."

"थांबलास की काठावरची माणसे आग लावतील."

पलीकडचा काठ हाकेच्या पल्ल्यात नव्हता.

"तू वाजवत राहा," बारशिंगा म्हणाला. "मी पाडसांना आणतो."

तो गवतात शिरला. एकेका पाडसाला नाकाने ढोसून उठवी, आईपाशी सोडी, पुन्हा आत जाई. धनक वाजवत राहिला. तळहात सोलले, खांदे भरून आले, दिवस कलला.

"झाली का रे सगळी?"

"एक राहिले," म्हणून बारशिंगा आत गेला.

धनकाचा हात वर होईना. ढोल थांबला. पलीकडे धूर उठला. त्याने टिपरू उचलून पुन्हा बडवले, पण आग लागून गेली होती. बारशिंगा बाहेर आला नाही.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा धनक म्हणजे आज मागे बसलेला भिक्षू उग्गत. बारशिंगा मीच होतो. एकही जीव मागे न सोडणे, ही करुणेची पारमिता, तिची पूर्णता."

उग्गताने मान खाली घातली. "भगवंत, मग धनकाने काय केले?"

शास्ते म्हणाले, "दुसऱ्या दिवशी सकाळी राजाच्या माणसांनी बारशिंगा जळाला त्या काळ्या जमिनीवर नांगर आणले. पहिला नांगर धनकाच्या हाती दिला, आणि त्याने तो धरला."