घुमरीच्या कड्याखाली न उच्चारायचा शब्द

समोर कड्याच्या पोटाला काळे अर्धचंद्र लटकलेले दिसतात ना, ती आग्या माश्यांची घरं. तुमच्याकडे त्याला मोहोळ म्हणतात. आठवणींचं मोहोळ असंही तुम्ही म्हणता. खालच्या गावांत पोळं म्हणतात. आमच्या ठाकरवाडीत मात्र या कड्याखाली हा दुसरा शब्द तोंडातून काढत नाहीत; तुम्हाला कळावं म्हणूनच आज काढतोय. आम्ही 'माहेर' म्हणतो. आजोबांनी मला जसं सांगितलं, तसंच सांगतो.

फार पूर्वी पलीकडच्या डोंगरावर गढी होती. तिथल्या किल्लेदाराच्या लेकीचं लग्न ठरलं आणि त्यानं वाडीत निरोप धाडला, तीन दिवसांत मधाच्या घागरी हव्यात, नाहीतर वाडी पेटवू. मध काढणारा हिरू. त्यानं हात जोडून सांगितलं म्हणे, की मध अवसेच्या अंधारात काढतात, ओल्या पाल्याचा धूर देतात, जाळ दाखवत नाहीत. पिल्लांचा भाग तर कापतच नाहीत. शिपायांनी ऐकलं नाही. भर दुपारी त्याला कड्यावर नेलं.

माथ्यावर झाड नाही, नुसता कातळ. दोर माणसानंच धरायचा. हिरूचा दोर त्याच्या बायकोचा, धाऊचा, पाठचा भाऊ कोंडू धरायचा. त्या दिवशीही त्यानंच धरला. हिरू दरीत उतरला, पाल्याचा धूर करू लागला. शिपायांना तेवढा धीर कुठला? एकानं वाळल्या गवताचा पलिता पेटवून खाली सोडला. मेण पेटलं. जळती पिल्लं दरीत गळू लागली.

तेव्हा कड्याचा आवाज बदलला, असं सांगतात. रोज घुमणारा कडा गुरगुरू लागला. मग माश्या वर आल्या. ऊन झाकोळलं. शिपाई वाट फुटेल तिकडं पळाले. पळता पळता एकजण कोंडूला म्हणाला, दोर सोड, जीव वाचव.

कोंडू म्हणाला, "सोडला तर धाऊला काय सांगू?"

एवढंच. ते त्या शिपायानंच पुढं सांगितलं.

खाली हिरू घोंगडी पांघरून कपारीत अंग चोरून बसला होता. उन्हं कलली, आवाज निवला, तेव्हा त्यानं दोराला हिसका दिला. दोर ताठ होता. तो धरून तो वर आला. कोंडू कातळाला टाच लावून बसलेला, दोराचे वेढे कमरेला आणि मनगटांना. डंखांनी पोळून सुजलेलं तोंड ओळखू येत नव्हतं. अंग गार पडलं होतं. हिरूनं त्याची बोटं एकेक करून सोडवली.

पळालेल्या शिपायांच्या कपड्यांना धुराचा वास होता. त्या वासावर माश्या त्यांच्यामागं थेट गढीवरच्या लग्नाच्या मांडवात शिरल्या. नवरी वाचली की नाही, यावर सांगणाऱ्यांचं एकमत नाही. गढी मात्र त्या सालापासून ओस पडली. गुराखीसुद्धा तिथं सावलीला थांबत नाही.

धाऊ वर आली, पण रडली नाही. हिरू कसंबसं सांगू लागला, की पोळ्याला जाळ लावला. तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"तो शब्द नको," ती म्हणाली. "पोळला तो माझा भाऊ."

पुढच्या साली माश्या परतल्या. पहिलं घर लागलं ते कोंडू बसला होता त्याच्या बरोबर खाली. लोक भ्याले. हाकलून लावू म्हणाले. धाऊ आडवी आली. भाऊ असतो ते माहेर, ते कुणी उठवत नाही, म्हणाली. तेव्हापासून हा शब्द.

आजही इथं कुणी विडीसुद्धा शिलगावत नाही. आजही दोर धरतो तो बायकोचा भाऊच, दुसऱ्या कुणाच्या हाती तो देत नाहीत. ज्याला मेव्हणा नाही, त्यानं कड्यावर उतरायचं नाही.

माझी बायको एकुलती एक. म्हणून सत्तरी आली तरी मी हा कडा खालूनच बघतोय.