जित्या भावाचं तेरावं

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा जमिनीला कागद नव्हते. माणसाचा शब्द, बांधावरचा दगड आणि गावाची आठवण, एवढ्यावर रान कुणाचं ते ठरायचं. म्हणून तेव्हा लबाडी नव्हती असं मात्र समजू नका. कागद नंतर आला, लबाडी त्याच्या आधीपासून आहे.

नदीकाठच्या एका गावात दोन भाऊ राहत होते. वडिलांच्या माघारी त्यांनी रानाच्या मधोमध बांध घातला होता. विहिरीकडचं रान धाकट्याचं, टेकडीकडचं थोरल्याचं. थोरल्याला बायको होती, मूल नव्हतं. धाकट्याचं तर लग्नच व्हायचं होतं. त्याला मुलूख बघायची भारी हौस. एका साली तो मिठाच्या तांड्याबरोबर निघाला आणि जाताना म्हणाला, "दादा, माझंही रान तूच कर. पिकेल ते खा. मी आलो की माझं मला दे."

थोरल्यानं मान डोलावली. पण विहिरीचं पाणी एकदा तोंडाला लागलं की सुटत नाही. चार सुग्या गेल्या आणि थोरल्याला ते रान आपलंच वाटू लागलं. घरात खाणारी तोंडं दोन, तीही म्हातारपणाकडे झुकलेली. पण हाव कधी तोंडं मोजते का?

मग एकदा बाजारात त्याला एक तांडेकरी भेटला. म्हणाला, "तुमचा धाकटा खुशाल आहे. दोन सुग्यांच्या आत परततो म्हणून सांगितलंय."

थोरल्याचं तोंड उतरलं. भाऊ खुशाल आहे हे ऐकून ज्याचं तोंड उतरतं, तो पुढं काय करील ते तुम्हीच ओळखा. वेशीत पाऊल ठेवलं आणि त्यानं हंबरडा फोडला, "गेला हो माझा भाऊ! परमुलखात तापानं गेला! तांडेकऱ्यानं डोळ्यांनी पाहिलं!"

गावचा पाटील म्हातारा आणि सरळ माणूस. त्यानं थोरल्याच्या मुठीत माती दिली आणि शपथ घ्यायला सांगितलं. थोरल्यानं घेतली.

त्या गावची रूढ अशी होती, की परमुलखात मेलेल्याचा देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. जो अग्नी देईल त्याच्याकडे मेलेल्याचा वाटा जायचा. थोरल्यानं सगळं यथासांग केलं. फक्त नारळ आगीत तडकला तेव्हा तो असा काही दचकला, की भटजींना त्याला सावरावं लागलं.

दहाव्याला पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. कावळे नव्हते असं नाही, समोरच्या झाडावर रांगेनं बसले होते. लोक म्हणाले, "काहीतरी इच्छा राहिली असेल बिचाऱ्याची. कबूल कर काही." थोरला हात जोडून म्हणाला, "तुझं रान जिवापाड सांभाळीन रे!" एक कावळा मान तिरकी करून त्याच्याकडे बघत राहिला. तो म्हणतोय, "आम्ही मेलेल्यांचं खातो, जित्यांचं नाही," असं थोरल्याला अगदी स्वच्छ ऐकू आलं. त्याला दरदरून घाम फुटला. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

तेराव्याला गाव जेवलं. पाटलानं बांधावरचा दगड काढला, दवंडी पिटली आणि सगळं रान थोरल्याचं झालं.

आता तरी सुखानं झोपावं की नाही? पण त्या दिवसापासून थोरल्याची झोपच उडाली. वाटेवर कुणी दिसलं की त्याच्या काळजात धस्स व्हायचं. चाल धाकट्यासारखी तर नाही? पागोटं तसंच तर नाही? विहिरीवर मोट हाकतानाही त्याचे डोळे बैलांवर नसायचे, वाटेवर असायचे. त्यानं वाटेच्या कडेनं काटे लावले, मग काट्यांतून दिसत नाही म्हणून स्वतःच काढून टाकले. अंगावरचं मांस झडलं. पोटभर पाणी मिळून पीक तरारलं होतं आणि मालक मात्र वाळत चालला होता.

बायको म्हणाली, "अहो, त्या वाटेकडे काय बघताय सारखं? कोण यायचंय?"

"कुणी नाही," तो खेकसला. "मेलेलं माणूस कधी येतं का?"

आणि पुढच्याच सुगीत, खळ्यावर मळणी चालली असताना, भर दुपारी मेलेलं माणूस आलं. खांद्यावर पडशी, चेहरा रापलेला, तोंडभर हसू.

"भूत! भूत आलं!" थोरला ओरडला. बाया किंचाळल्या, गडी मागं सरले. थोरल्यानं दगड उचलला. सांगायला लाज वाटते, पण तो दगड भुताला भिऊन उचललेला नव्हता.

"दादा! अरे, मी आहे!" धाकटा जागच्या जागी थांबला. "निरोप नाही मिळाला का? तांडेकऱ्याजवळ सांगून धाडलं होतं ना, दोन सुग्यांच्या आत येतो म्हणून?"

गलका ऐकून पाटील खळ्यावर आला होता. त्यानं ते ऐकलं. थोरल्याच्या हातातला दगड खाली पडला.

"काय रे थोरल्या, मूठभर माती घेऊन काय सांगितलं होतंस?" पाटलानं विचारलं.

खोटं उघडं पडलं, तरी थोरल्याला रान सोडवत नव्हतं. "ऐकण्यात चूक झाली असेल, पाटील. पण झालं ते झालं. अख्खं गाव याचं तेरावं जेवलंय. ज्याचं तेरावं झालं त्याला वाटा नाही, ही आपली रूढच आहे."

"दादा!" धाकट्याचा चेहरा एवढासा झाला.

पाटलानं खाली पडलेला दगड उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "खरं आहे. मेल्याला वाटा नाही. पण तेरावं झालेला माणूस परत आला, तर गावानं त्याला पुन्हा जन्माला घालायचं असतं, हीही रूढच आहे. घालू या?"

थोरल्यानं मनात झटकन हिशेब केला. नवं जन्मलेलं पोर, त्याचं कसलं आलंय रान? "घाला की! मी कशाला नाही म्हणू?"

"नीट विचार कर. सगळं रूढीप्रमाणेच होईल."

"रूढीप्रमाणेच होऊ द्या!" थोरला अख्ख्या गावादेखत म्हणाला.

मग मोठा रांजण आणला. त्यात तूप घातलेलं कोमट पाणी ओतलं. धाकटा गुडघे पोटाशी घेऊन, मुठी आवळून त्यात बसला. सुईणीनं त्याला दंडाला धरून बाहेर काढलं, दुपट्यात गुंडाळलं, आणि सांगितल्याप्रमाणे तो रडला. त्याला खोटं रडावं लागलं नाही.

"आता हे पोर कुणाचं?" पाटलानं विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "ज्यानं अग्नी दिला, त्यालाच जन्म द्यावा लागतो. थोरल्या, हा तुझा मुलगा. एकुलता एक."

थोरल्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो मटकन खाली बसला.

"आणि बापाच्या रानात मुलाचा वाटा जन्मापासूनच असतो," पाटील सावकाश म्हणाला. "याला विचारल्याशिवाय आता ढेकूळही तुला कुणाला देता येणार नाही. तुझ्यामागं विहिरीकडचं याचं, टेकडीकडचंही याचं. अर्ध्याचा धनी होता, तू त्याला सगळ्याचा केलास."

थोरल्याच्या बायकोला या लबाडीतलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं धाकट्याचं ओलं डोकं मांडीवर घेतलं आणि ती हमसून हमसून रडली. तिची मांडी आजवर रिकामीच राहिली होती.

"बापानं नाव ठेवायचं," पाटील म्हणाला. थोरला पुढं आला. अग्नी दिल्यापासून ते नाव त्यानं एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. आता अख्खं गाव कान देऊन उभं होतं, आणि त्याच्या घशातून आवाज फुटेना. शेवटी धाकटाच हळूच म्हणाला, "राहू दे दादा. मला माहीत आहे माझं नाव."

धाकट्यानं त्याला कधी घराबाहेर काढलं नाही, कधी टोचून बोलला नाही. वेळेवर जेवायला वाढलं, आजारपणात पाय चेपले. पण थोरला त्यानंतर गावाची वेस ओलांडून कधी गेला नाही. बाजार नाही, जत्रा नाही, बहिणीच्या घरचं लग्नसुद्धा नाही. यायला चार दिवस उशीर झाला आणि माघारी कुणी आपल्याला मेलेला ठरवलं, तर? धाकटा शपथ घेऊन सांगायचा, की असं कुणी करणार नाही. पण शपथेवर थोरल्याचा विश्वास उरला नव्हता. मरेपर्यंत तो उंबऱ्यातच बसून राहिला.

तात्पर्य: भावाचा वाटा गिळायला जो निघतो, त्याला स्वतःचा वाटाही पचत नाही.