आठशे गुणांचा संगणक

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या, शब्दही साधेच आहेत.

एका घरात एक जुना संगणक होता. पुढे तिथे लॅपटॉप आला. घरातल्या सुहृदने वेग मोजायचा प्रोग्राम दोघांवर चालवला. लॅपटॉपला नऊ हजार गुण मिळाले, जुन्याला आठशे.

"काका, धाप लागली का?" लॅपटॉप हसला.

जुन्याच्या मनात तो आकडा काट्यासारखा सलू लागला. पुन्हा मोजणी झाली, तेव्हा अंग हलकं करायला त्याने सुहृदच्या आत्याचं लेकीला लिहिलेलं अर्धं पत्र टाकून दिलं. गुण झाले नऊशे.

"अरे, तीन दिवस लिहीत होते मी!" आत्या रडवेली झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप सोडून ती जुन्यापाशीच बसली. एका बोटाने पहिल्यापासून लिहू लागली. जुन्याने तिचं प्रत्येक अक्षर उमटताक्षणीच जपून ठेवलं.