पाठ करून बसा!

फार फार वर्षांपूर्वी, जनावरं बोलत होती आणि माणसं थांबून ऐकत होती, तेव्हाची ही गोष्ट.

एका आश्रमात एक विद्यार्थी होता. त्याला सगळं पाठ होतं. झोपेत कूस बदलली तरी तोंडातून श्लोक बाहेर पडायचा. शेजारी झोपणाऱ्यांनी कंटाळून आपली अंथरुणं अंगणात नेली होती.

आता पंडितांची शाल मिळवायची आणि थेट राजसभेत जायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं. पण आचार्यांनी एक अट घातली.

“पलीकडच्या रानात जा आणि सावलीचा पाठ शिकव. पंधरवड्याने मी येईन. सावली कशी पडते हे एकाला जरी कळलं, तर शाल तुझी. नाहीतर पुन्हा श्रीगणेशापासून सुरुवात!”

“एवढंच ना?” म्हणत स्वारी निघाली.

रानात त्याला तीन शिष्य मिळाले: कासव, खार आणि साळिंदर. रोज सकाळी हा उंच खडकावर बसायचा, आधी डोळे मिटायचा आणि मग तोंड उघडायचा. मध्येच एक डोळा किलकिला करून बघायचा, तर तिघांचेही डोळे मिटलेले. ‘काय तल्लीन झालेत!’ म्हणून आणखी जोरात सुरू व्हायचा.

आचार्य यायची वेळ जवळ आली, तरी कुणालाच एक ओळ सांगता येईना. राजसभा डोळ्यांसमोरून दूर पळू लागली. तो कातावून ओरडला, “उद्या मी येईपर्यंत सगळ्यांनी पाठ करून बसा!”

दुसऱ्या दिवशी तो नाक वर करून आला, खडकावर बसला, डोळे मिटून अख्खा पाठ म्हणून मोकळा झाला. डोळे उघडले, तर समोर तीन पाठी!

“हा काय उद्धटपणा?”

“तुम्हीच म्हणालात ना, पाठ करून बसा,” साळिंदर म्हणालं. “काटेसुद्धा मिटून घेतलेत बघा.”

“माझी पाठ तर जन्मापासून पक्की आहे,” कासव म्हणालं.

“आणि खरं सांगू का गुरुजी?” खार म्हणाली. “आजच बरं वाटलं. एरवी तुमच्या मागून ऊन थेट डोळ्यांत येतं.”

“म्हणजे रोज डोळे मिटायचात ते...”

“दिपायचे हो!”

त्याला आधी राग आला, मग हसू आलं आणि मग फार लाज वाटली. आपल्यासमोर तोंडं आहेत की पाठी, हेसुद्धा आपल्याला कळलं नाही! तो निमूट खाली उतरला आणि त्यांच्या शेजारी, त्यांच्यासारखाच उन्हाकडे पाठ करून बसला. चौघांच्या सावल्या पुढे लांबलचक पसरल्या होत्या.

“गुरुजी, सावलीत माझी शेपटी एवढी लांब कशी?” खारीने विचारलं.

श्लोक ओठांवर आला, पण त्याने तो गिळला. मागे वळून सूर्य पाहिला, पुढे वळून सावली पाहिली आणि आनंदाने ओरडला, “अगं, ऊन तुझ्यापाशी अडलंय!”

ठरल्या दिवशी आचार्य आले. “सावली कशी पडते?”

“आपण ऊन अडवलं की पलीकडे पडते,” कासवाने सांगितलं.

“शाबास! कुणी शिकवलं?”

“कुणी नाही. आम्ही बघितलं. गुरुजीही आमच्यातच बसले होते. त्यांनाही तेव्हाच कळलं.”

विद्यार्थ्याचा चेहरा उतरला. गेली शाल! तरी त्याने हात जोडले. “खरं आहे, आचार्य. मला नुसतं पाठ होतं. कळलं ते यांच्या शेजारी बसल्यावर.”

आचार्यांनी हसत शाल त्याच्या खांद्यावर घातली. “एकाला जरी कळलं तर, असं म्हणालो होतो मी. तो एक कोण, हे कुठे सांगितलं होतं?”

राजसभेत मात्र तो त्या दिवशी गेलाच नाही. दुपारी सावली कुठे जाते, असं खारीने विचारलं होतं. ते बघायला तो शाल पांघरून भर उन्हात बसला.

तात्पर्य: पाठ केलेलं ओठांवर राहतं; दुसऱ्याला शिकवायला त्याच्या शेजारी बसलं की ते आधी आपल्याला कळतं.