बिनधुराची धुनी

"मग धूर गेला कुठं?"

शेखूबाबांनी असं विचारलं आणि सिद्रामचं तोंड उजळलं. सहा वर्षं तो बाबांच्या पायाशी होता. एवढ्या काळात बाबांनी त्याला काही विचारावं असं हे पहिल्यांदाच घडत होतं. एरवी विचारायचा तो सिद्राम, आणि बाबा डाळिंबाच्या आळ्यातलं तण उपटत बसायचे.

"जळला, बाबा."

"धूर जळतो?"

"जळतो की. हे बघा..."

सिद्रामनं नव्या शेगडीत चिमट्यानं दाखवलं. एका पिंपात दुसरं पिंप. खालच्या भोकांतून वारा आत शिरतो. दोन पत्र्यांच्या मधून तापत तापत वर चढतो, आणि वरच्या भोकांतून धुराच्या अंगावर पडतो. बाहेर पडायच्या आधीच धूर पेट घेतो.

बाबा वाकून बघत राहिले. ज्वाळा स्वच्छ होती, पिकल्या लिंबाच्या सालीसारखी पिवळी.

"म्हणजे धूर होतोच."

"होतो. पण दिसत नाही. आतल्या आत जळून जातो."

"आतल्या आत..." बाबा म्हणाले, आणि उठून पुन्हा झाडांकडे गेले.

चांगलं झालं म्हणाले नाहीत. वाईट झालं, असंही नाही.

सिद्रामला ते कुसळासारखं सलत राहिलं.

आता त्याचंही खोटं नव्हतं. गावाबाहेरच्या माळावर बाबांचा तकिया, म्हणजे फकिराची बसायची जागा. भोवती चाळीस डाळिंबं, शेवंतीचे चार वाफे, आणि मधोमध कडुलिंबाखाली धुनी. बाबांच्या गुरूंनी पेटवलेली, कधी न विझलेली. तिचा धूर खाऊन खाऊन बाबांची छाती पिठाच्या जुन्या चाळणीसारखी झाली होती. दिवाळी झाल्यावर एका सकाळी खोकता खोकता बाबा निळे पडले. डॉक्टर येऊन गेले. जाताना सिद्रामला बाजूला घेऊन म्हणाले, हा हिवाळा या धुरात काढला तर पुढचा हिवाळा धरून चालू नका.

सिद्राम पूर्वी साखर कारखान्यात बॉयलरवर होता. आगीचं पोट कसं असतं ते त्याला ठाऊक होतं. धुनी विझवायची नाही आणि बाबांना धूर लागू द्यायचा नाही, एवढं त्यानं मनाशी धरलं.

आधी जमिनीत जोडखड्डा खणला, एकातून वारा जायला आणि दुसऱ्यात जाळ. पण बागेला पाणी सोडलं की काळी माती ढासळायची आणि खड्ड्यात चिखल. मग शहरात जाऊन दुकानातल्या तयार शेगड्या बघितल्या. दिसायला आरशासारख्या, पण पत्रा इतका पातळ की नखानं वाजवला तर ताटलीगत वाजे. शेवटी दोन जुनी पिंपं आणून त्यानं स्वतःच शेगडी घडवली. भोकं मोजून पाडली. पेटवून बघितली, धूर आला, पुन्हा पाडली. तिसऱ्या खेपेला धूर गेला. मग जुन्या धुनीतला निखारा चिमट्यात धरून त्यानं नव्या शेगडीत ठेवला. धुनी तीच, घर नवं.

तीन नियम त्यानं सगळ्यांना सांगून ठेवले. सरपण खडखडीत वाळलेलंच घालायचं. खालच्या भोकांतली राख रोज काढायची. आणि लाकूड वरच्या भोकांच्या वर कधी जाऊ द्यायचं नाही.

बाबांनाही सांगितले. बाबांनी मान हलवली.

सरपणासाठी त्यानं पत्र्याची शेड केली. मोळ्या उभ्या रचल्या. ओली काडी त्या बाजूला दिसली की त्याच्या कपाळाला आठी पडे. बाबा डाळिंबाची छाटणी करायचे आणि हिरव्या फांद्यांची मोळी बांधून शेडच्या कोपऱ्यात ठेवायचे. सिद्राम ती उचलून बांधावर टाकायचा. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कोपऱ्यात.

"बाबा, ओलीय ही."

"ओलीच आहे."

"मग इथं कशाला?"

बाबा हसायचे नुसते.

लांबून लांबून माणसं शेगडी बघायला येऊ लागली. सिद्राम समजावून सांगे. ती वाकून बघत, तळवे शेकत, वा वा म्हणत. पांढरी धोतरं पांढरीच राहत.

मात्र एक गोष्ट सिद्रामच्या ध्यानात आली होती. पूर्वी धुनीभोवती बसलेला माणूस डोळे पुशीतच घरी जायचा. धूरच तेवढा असायचा. पंचा डोळ्याला लावून कुणी कुणी तासभर बसायचं, आणि शेजारचा दुसरीकडं बघायचा. इथली ती रीतच होती. आता पंचे कोरडे असायचे. येणारे चार शब्द बोलायचे, शेगडीची तारीफ करायचे, आणि लवकर उठायचे.

थंडी फार आहे यंदा, असं सिद्रामनं स्वतःला सांगितलं.

एक दिवस, उन्हं कलली असताना, अण्णाप्पा वस्तादांना घेऊन त्यांची बायको कल्लव्वा आली. वस्ताद म्हणजे शेजारच्या गावच्या तालमीत पोरांना कुस्ती शिकवणारे. साठीचा माणूस, पण छाती अजून दरवाज्यासारखी. ते पुढं गेले, कल्लव्वा फाटकापाशी मागं राहिली आणि सिद्रामला दबल्या आवाजात सगळं सांगितलं.

एकुलता एक पोरगा मल्लू. चार महिन्यांपूर्वी मळ्यातल्या विहिरीत मोटार दुरुस्त करायला उतरला आणि वर आला नाही. पोराला माती देताना वस्ताद हाताची घडी घालून उभे होते. डोळ्याला पाणी नाही. रडणाऱ्यांना त्यांनीच धरलं. तालमीत रडणाऱ्या पोराला आयुष्यभर हाकलून दिलेला माणूस, तो कसा रडणार? तेव्हापासून अर्धी भाकरी, रात्रभर उघडे डोळे. गेले आठ दिवस ते त्याच विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसतात. आणि आज सकाळी तालमीची किल्ली थोरल्या पठ्ठ्याच्या हातात ठेवली.

"किल्ली का दिली, विचारलं न्हाईस का?" सिद्राम म्हणाला.

"इचारलं." कल्लव्वानं पदराचं टोक मुठीत आवळलं. "म्हणाले, माझं तिथलं काम संपलं."

सिद्राम तिला घेऊन आत आला.

वस्ताद शेगडीसमोर बसले होते. पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. उजेड इतका लख्ख की त्यांच्या तोंडावरची एकेक सुरकुती दिसत होती. समोर बाबा, बाजूला कल्लव्वा, आणि सिद्राम सरपणापाशी. असं वाटत होतं की सगळे त्या एका तोंडाकडेच बघताहेत. बघायला दुसरं काही नव्हतंच.



"बेस केलीय शेगडी," वस्ताद म्हणाले. "डोळ्याला तरास न्हाई."

सिद्रामला इतर वेळी बरं वाटलं असतं.

"झोप लागते का, वस्ताद?" बाबांनी विचारलं.

"लागती की."

"जेवण?"

"जातंय. मी बरा हाय, बाबा. हिलाच उगा काळजी." त्यांनी कल्लव्वाकडे बघितलं आणि हसले. नुसते दात दिसले. "जन्माला आलेला जायाचाच. मी पोरांना हेच सांगतो. पाठ जमिनीला लागली तर उठायचं, माती झटकायची."

"खरंय."

"मग."

शेगडीत बाभळीचं लाकूड तडकलं.

वस्तादांनी गुडघ्यांवर हात दाबले आणि उठायला लागले.

"येतो बाबा. हिला जरा बसू द्या. मी तेवढी मळ्यातली मोटार बंद करून येतो."

कल्लव्वानं झटकन वर बघितलं.

"मोटार..." ती म्हणाली. "मोटार तर चार महिनं बंदच हाय."

वस्तादांनी डोक्यावरचा फेटा नीट केला. ते उभे होते. नजर फाटकाकडे.

सिद्राम पुढं व्हावं म्हणून हलला. पण अशा माणसाला धरून ठेवायचं कुणी? आणि आज धरला, तर उद्या?

"वस्ताद," बाबा म्हणाले. आवाजात घाई नव्हती. "धुनी जरा मंद झाली. तेवढी नीट करतो, मग जा. धुनीला पाठ दाखवून जाऊ नये."

वस्ताद क्षणभर घुटमळले. मोठ्या माणसाचा शब्द मोडायची सवय त्यांना नव्हती. ते पुन्हा खाली बसले, अर्धवट, उठायच्या तयारीत.

धुनी मंद झाली नव्हती. सिद्रामला ते दिसत होतं.

बाबा उठले. शेडच्या कोपऱ्यातली हिरवी मोळी त्यांनी ओढत आणली.

"बाबा..." सिद्राम म्हणाला.

बाबांनी आधी चिमट्यानं आतली राख ओढली आणि खालच्या भोकांवर चारी बाजूंनी दाबून बसवली. मग डाळिंबाच्या ओल्या फांद्या दोन्ही हातांनी आत कोंबल्या. वरच्या भोकांपर्यंत. भोकांच्या वर. पिंपाच्या काठाच्याही वर. शेवटी कटोऱ्यातलं पाणी त्यावर शिंपडलं.

सिद्रामचे तिन्ही नियम त्यांना तोंडपाठ होते. एकही मोडायचा राहिला नाही.

आधी सुसकारा आला. मग पानांतून एक जाड, पांढरा, कडवट लोट उठला, वर गेला, कडुलिंबाच्या फांद्यांना अडला आणि सगळ्यांच्या अंगावर खाली आला.

बाबांना पहिली ढास लागली.

सिद्राम झेपावला. फांद्या उपसून काढायला त्यानं हात घातला, आणि बाबांनी त्याचं मनगट धरलं. वाळक्या काटकीसारखी बोटं. पण सुटेनात.

"बाबा, सोडा. डॉक्टरांनी..."

बाबा बोलू शकत नव्हते. ते खोकत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि मनगट सोडत नव्हते.

धुरात आता कुणाचंच तोंड कुणाला दिसत नव्हतं. कल्लव्वाचा पदर डोळ्यांशी गेला. सिद्रामचे डोळे चुरचुरू लागले. त्यानं दुसऱ्या हाताच्या बाहीनं ते पुसले.

पलीकडून वस्तादांचा आवाज आला.

"धूर..."

फेट्याचा शेव त्यांनी डोळ्यांना लावला असावा. तसं अंधुक दिसत होतं.

"होय रे," बाबा कसेबसे म्हणाले. "धूर फार झालाय."

"डोळ्यांत..."

"सगळ्यांच्याच जातोय."

मग काही वेळ नुसता बाबांचा खोकला.

आणि त्या खोकल्याच्या खालून दुसरा आवाज येऊ लागला. आधी सिद्रामला कळेना कसला ते. मोट पहिल्यांदा ओढताना जुनं चाक कुरकुरतं, तसा. तो वाढत गेला. मग त्यात एक नाव आलं. चार महिन्यांत त्या तोंडातून न निघालेलं नाव.

"मल्लू..."

कल्लव्वा त्यांच्याकडे गेली नाही. ती शेवंतीच्या वाफ्यांकडे तोंड करून बसली आणि स्वतःचे डोळे पुशीत राहिली. सिद्रामनंही मान वळवली. कुणी सांगितलं नव्हतं. इथली रीत होती.

बाबांची बोटं त्याच्या मनगटावर तशीच होती. खोकल्याचा प्रत्येक हिसका त्याला हातात जाणवत होता. त्यानं तो मोजायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

किती वेळ गेला कोण जाणे. फांद्या सुकल्या, पेटल्या, धूर विरळ झाला. वस्ताद दोन्ही हात जमिनीवर टेकून बसले होते. फेटा सुटून मांडीवर पडला होता. तोंड पुरानंतरच्या शेतासारखं झालेलं.

"पाणी द्या," ते म्हणाले.

सिद्रामनं तांब्या दिला. त्यांनी तो एका दमात संपवला. मग कल्लव्वाकडे न बघताच म्हणाले, "भाकरी आणलीस का?"

तिनं आणली होती. चार महिने ती जाईल तिथं भाकरी बांधून नेत होती.

ते तिथंच जेवले. उठताना वस्तादांनी बाबांच्या पायावर डोकं ठेवलं. दोघं फाटकाबाहेर पडली तेव्हा सिद्राम श्वास रोखून बघत होता. मळ्याची वाट डावीकडं, गावाची उजवीकडं.

ती उजवीकडं वळली.

त्या रात्री बाबांना भिंतीला टेकवून बसवावं लागलं. सिद्राम त्यांची पाठ चोळत होता. त्याच्या मनात राग होता, भीती होती, आणखीही काही होतं, त्याला नाव सापडत नव्हतं. पहाटे कधीतरी बाबांचा श्वास सैल झाला.

दिवस उगवल्यावर त्यानं शेगडी रिकामी केली. निखारा बाजूला राखेत जपून ठेवला. आतला पत्रा काजळीनं काळा पडला होता. तो बराच वेळ त्याकडे बघत बसला.

"बाबा," तो म्हणाला, "मोडून टाकू का ही?"

बाबा दारात घोंगडी पांघरून बसले होते. आवाज पार बसला होता.

"का? चांगली आहे की."

सिद्रामनं वर बघितलं. हाच शब्द ऐकायला तो किती दिवस थांबला होता. आणि आता तो आला तर त्याला मान वर ठेवता येईना.

"घासून घे. रोज तीच पेटव. मला अजून एखाद-दोन छाटण्या करायच्या आहेत."

सिद्रामनं शेगडी घासली. खालची भोकं एकेक करून मोकळी केली. निखारा ठेवला, वाळली बाभूळ घातली, वरच्या भोकांच्या खाली, मोजून. पिवळी ज्वाळा उठली. धूर नाही.

शेडच्या कोपऱ्यात कालच्या मोळीतल्या मूठभर हिरव्या फांद्या उरल्या होत्या. सवयीनं त्यानं त्या उचलल्या आणि उन्हात टाकायला निघाला.

"सिद्राम..."

तो थांबला.

बाबांनी श्वास गोळा केला.

"सगळं सरपण वाळव. पण एक मोळी ओली राहू दे."